सरबताच्या मापाचा टेकू

मी एक लाकडाचा टेकू आहे, मित्रांनो. टेकू म्हणून मी काही फार जुना नाही, पण ज्या लाकडातून निघालो ते मात्र चांगलंच जुनं. लांबी अकरा इंच, रुंदी साडेतीन, जाडी पाऊण. वरच्या टोकाजवळ एक गोल भोक आणि बूड तिरपं कापलेलं. मला नुसतं टेबलावर उभं करून पाहाल तर मी लगेच पालथा पडेन. त्यात माझा दोष नाही, मला घडवलंच तसं आहे. भोकात भरलेल्या बाटलीची मान घातली की बाटली हवेत आडवी राहते आणि मीही, तिरपा का होईना, उभा राहतो. ती नसेल तर मी पडतो, मी नसेन तर ती गडगडत जाते. पाहणाऱ्यांना यात जादू वाटते. जादू वगैरे काही नाही, नुसता वजनाचा तोल आहे. तो तोल एकदा चुकला आणि त्यापायी एका चांगल्या कारागिराची हत्यारांची पेटी घराबाहेर जायला निघाली. तेवढीच माझी गोष्ट.

जबलपूरच्या रांझी भागात रत्नाकर देवतळे राहतात. संरक्षण खात्याच्या कारखान्यात, सुतारकामाच्या विभागात, त्यांनी अडतीस वर्षं काढली. लग्नानंतर त्यांनी आपल्या हातांनी सागवानी पलंग केला. त्या पलंगाच्या पायथ्याची पट्टी म्हणजे मी. त्यांची मुलगी सुखदा मलाच धरून उभी राहायला शिकली. दात येत होते तेव्हा तिने माझी कड भरपूर चावली आणि त्या चार-पाच खुणा माझ्या अंगावर कायमच्या राहिल्या. पुढे पलंगाच्या जागी लोखंडी दिवाण आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे बारा वर्षं पडून होतो. लाकडाला कंटाळा येत नाही, त्यामुळे त्या बारा वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही.

रत्नाकरांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यांच्या कारखान्यात अंदाजाला किंमत नव्हती. प्रत्येक नगासाठी मापाचा एक पक्का साचा असे. त्याला ते लोक 'गेज' म्हणत. तयार नग गेजला लावायचा. बसला तर त्यावर 'पास', नाही बसला तर लाल खडूची फुली. हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला रत्नाकर पहिल्याच दिवशी सांगत, "डोळ्यावर भरवसा नाही. गेज लावल्याशिवाय पास नाही." त्यांच्या स्वतःच्या नगावर शेवटच्या एकोणीस वर्षांत फुली पडली नव्हती. हे ते कधी सांगत नसत. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई सांगत, आणि न विचारता सांगत.

सुखदाचं लग्न नाशिकच्या गौरांगशी झालं. तो बँकेत आहे आणि गेल्या वर्षी त्याची बदली नेमकी जबलपूरला झाली. दोघांनी राइट टाउनमध्ये घर घेतलं. वास्तुशांत झाली, जेवणावळी झाल्या. मग एका सोमवारी सुखदा माहेरी आली ती हातात मोबाइल नाचवतच.

"बाबा, हे बघा ना! बाटली एकदम हवेत आहे. तुम्ही बनवाल ना माझ्यासाठी? या शनिवारी गौरांगच्या बँकेतले सगळे घरी येऊन राहिले."

रत्नाकरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "खाली खिळा मारला का याला?"

"नाही ना. वही तो!"

"अच्छा. मग बनते."

अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि त्यात ठेवणार काय?"

"वाइन, आई. गौरांगच्या काकांनी नाशिकहून पाठवली. द्राक्षाची असते."

"द्राक्षाची असो नाहीतर संत्र्याची. दारू ती दारू."

"तू काहून चिडून राहिली?" रत्नाकर म्हणाले. "घर तिचं, बाटली तिची. मी फक्त लाकूड करून राहिलो."

"लाकूड करा. पण ती बाटली या घराची पायरी चढणार नाही. सांगून ठेवते."

अनसूयाबाई दर पौर्णिमेला नर्मदेच्या घाटावर जाऊन दिवा सोडणाऱ्या. त्यांचा शब्द त्या घरात खाली पडत नाही. सुखदा हसली आणि मेथी निवडायला बसली. विषय तिथेच मिटला असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकर माळ्यावर चढले. तिथे माझ्याहून चांगल्या फळ्या होत्या, पण त्यांचा अंगठा माझ्या कडेवरच्या दातांच्या खुणांवर थांबला आणि त्यांनी मलाच खाली घेतलं. मला करवतीने कापलं, रंध्याने साफ केलं, गिरमिटाने भोक पाडलं. बुडाचा तिरपा काप घेण्याआधी त्यांनी चार वेळा कोन तपासला. दातांच्या खुणा असलेली कड त्यांनी रंध्यापासून मुद्दाम वाचवली. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांनी हत्यारं हातात आली होती. ते गुणगुणत होते, आणि सूर अजिबात बरा नव्हता.

आता उरलं होतं गेज. बाटली लावून पाहिल्याशिवाय माझ्या बुडाचा कोन बरोबर आला की नाही, हे ठरणार नव्हतं. सुखदाच्या घरी जाऊन तिची बाटली मागावी, तर मुलीला शनिवारी चकित करायचं होतं. तेव्हा रत्नाकरांनी मला कापडी पिशवीत घातलं, पिशवी स्कूटरला अडकवली आणि ते थेट ओमतीच्या बाजारात गेले. दारूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांनी स्कूटर लावली. बाटली विकत घ्यायची, मला लावून पाहायची आणि बाहेरच कुणालातरी देऊन टाकायची, असा बेत असावा. रस्ता ओलांडायला वीस पावलं पुरली असती. रत्नाकर पाव तास तसेच उभे होते.

"अरे, रत्नाकर भैया! इधर कैसे?" मागून आवाज आला. रामकृष्ण होता. कारखान्यात रत्नाकरांच्या हाताखाली शिकलेला, आता ओमतीतच फर्निचरचं दुकान चालवतो.

"मूंगफली लेने आया था," रत्नाकर म्हणाले.

आणि त्यांनी खरोखरच पाव किलो भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. शेंगा माझ्याच पिशवीत आल्या आणि आम्ही घरी परतलो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गुलाबाच्या सरबताची रिकामी काचेची बाटली दिसली. रत्नाकरांनी ती उचलली, गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि स्वतःशीच म्हणाले, "बाटली ती बाटली." मित्रांनो, अडतीस वर्षांत त्या माणसाने असलं वाक्य उच्चारलं नव्हतं. पण मला तेव्हा काय कळणार? मला तर भोकात मान येताच आयुष्यात पहिल्यांदा उभं राहता आलं. बाटली आडवी, मी तिरपा, खाली काही नाही, वर काही नाही. रत्नाकर माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि चहा निवेपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी मला उलटं केलं आणि बुडावर पेन्सिलीने लिहिलं, 'पास'.

"जमलं वाटते," अनसूयाबाई दारातून म्हणाल्या.

"जमलं," रत्नाकर म्हणाले.

मला त्या वेळी आनंद झाला होता. लाकडाने सांगू नये, पण झाला होता.

शनिवारी राइट टाउनच्या घरात पंधरा-वीस माणसं होती. कौतुक तर असं झालं की विचारू नका. सुखदाने मला हातोहात फिरवलं. "माझ्या बाबांनी केलंय. आणि हे बघा, हे माझे दात!" ती प्रत्येकाला खुणा दाखवत होती. रत्नाकर कोपऱ्यात, अनसूयाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि कुणी पाहिलं की मान खाली घालत होते. मग गौरांगने बाटली आणली. लांब, उंच खांद्यांची, गडद हिरवी, बुडाला आत अंगठा जाईल असा खळगा. तिची मान माझ्या भोकात आली तेव्हाच मला समजलं की ही ती नाही. हिचं वजन फार मागे होतं.

सगळ्यांचे मोबाइल वर झाले. गौरांगने हात काढले. एक श्वासभर आम्ही उभे होतो. मग बाटलीचं बूड हळूहळू खाली गेलं, मी बाजूला फेकला गेलो आणि ती टेबलावरून घरंगळत नव्या फरशीवर जाऊन फुटली.

कुणी वाईट बोललं नाही. एकजण म्हणाला, "अंकल जी का बैलेंस बिगड़ गया," आणि दोघं-तिघं हसले, तेही गमतीने. गौरांग लगेच म्हणाला, "काही नाही हो बाबा, माझाच धक्का लागला असणार." त्याचा धक्का लागला नव्हता. ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि रत्नाकरांनी तर नीटच पाहिलं होतं. त्यांनी काचा स्वतः वेचल्या, कुणाला हात लावू दिला नाही. निघताना मला उचलून पिशवीत घातलं. सुखदा म्हणाली, "बाबा, राहू द्या ना, मी असंच ठेवीन." ते म्हणाले, "फेल नग देत नसतात, बेटा."

घरी आल्यावर त्यांनी लाल खडू शोधला आणि माझ्या अंगावर फुली मारली. मग मला हत्यारांच्या पेटीत टाकून झाकण लावलं. बाहेरचं बोलणं मला आतून ऐकू येत होतं.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "कोन चुकला आणि मला दिसला नाही. आता ही हत्यारं ठेवून काय करू?"

"एका बाटलीसाठी?" अनसूयाबाई म्हणाल्या.

रत्नाकरांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांनी रामकृष्णला फोन लावला. "पेटी ले जाओ. तुम्हारे काम आएगी. हाँ, सब कुछ. अगले इतवार को आ जाना." त्यानंतर सुखदाचे फोन येत राहिले, ते अनसूयाबाईच घेत राहिल्या. रत्नाकर दिवसभर दिवाणावर बसून एकच वर्तमानपत्र वाचत.

पेटीत माझ्या शेजारी रंधा होता, पटाशी होती, गुण्या होता. सगळ्यांना तेल पाजलेलं होतं. चांगल्या घरात वाढलेली हत्यारं ती. रविवारी कुठे जायचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं ते त्यांना सांगण्याची सोय नव्हती.

बुधवारी रत्नाकर पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि पेटीचं झाकण उघडलं. अनसूयाबाई होत्या. त्यांनी मला ओट्यावर नेलं, सरबताच्या बाटलीत पाणी भरलं आणि तिची मान माझ्या भोकात घातली. मी उभा राहिलो. त्यांनी बोटाने हलकेच टिचकी मारली. तरी मी उभाच.

"म्हणजे हात नाही गेला," त्या मला म्हणाल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ती दुसरी बाटली लांब होती, हे त्यांनीही पाहिलं होतं. आणि ती या घरात का आली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सुखदाला फोन करून त्या बाटलीचा फोटो मागवला, एवढंच. काहून पाहिजे, ते सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा कापडी पिशवीत होतो, या वेळी ऑटोमध्ये. ओमतीच्या एका कबाडीवाल्याकडे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता. अनसूयाबाईंनी पदर खोचला, फोटो एका हातात धरला आणि ढिगातून बाटल्या उचलून पाहू लागल्या. आखूड बाजूला. पडक्या खांद्यांची बाजूला. बुडाला खळगा नाही, बाजूला.

"अम्मा जी, ये किस काम के लिए चाहिए?" कबाडीवाल्याने अदबीने विचारलं.

"नापने के लिए, भैया."

"आपके यहाँ नाप के पीते हैं?"

अनसूयाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने बाटली फुकट दिली.

रांझीत ऑटोतून उतरताना शेजारची विनता फाटकातच भेटली. पिशवीतून हिरवी मान बाहेर आली होती. तिने ती पाहिली आणि अनसूयाबाईंनी तिला पाहताना पाहिलं.

"काकू... हे काय?"

"गेज," अनसूयाबाई म्हणाल्या आणि ताठ मानेने आत गेल्या.

आत म्हणजे अंगणापर्यंत. तिथल्या नळावर त्यांनी बाटली राखेने घासली, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने. नाकाला लावून पाहिली. आणखी एकदा घासली. गळ्यापर्यंत पाणी भरून कापडाचं बूच बसवलं. आणि मग दारूची बाटली हातात घेऊन अनसूयाबाई स्वतः त्या घराची पायरी चढल्या.

ती रत्नाकरांना त्यांनी लगेच दाखवली नाही; शुक्रवारी नाही, शनिवारीही दुपारपर्यंत नाही. धीर गोळा करायला त्यांनाही वेळ लागला. दोन दिवस ती बाटली धान्याच्या डब्यांमागे उभी होती. शनिवारी चारच्या चहाबरोबर त्यांनी ती रत्नाकरांपुढे ठेवली आणि शेजारी मला, लाल फुलीसकट.

"हे घ्या गेज. लावून पहा."

रत्नाकरांनी बाटलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "ही कुठून आणली?"

"कबाड्याकडून. तुम्ही लावा आधी."

त्यांनी लावलं. मी पडलो, पण बाटली त्यांच्या हातातच राहिली. अनसूयाबाईंनी सरबताची बाटली पुढे केली. त्यांनी ती लावली. मी उभा राहिलो. मग त्यांनी पेन्सिल आडवी धरून दोन्ही बाटल्या एकेक करून तिच्यावर तोलल्या, तोल सापडला तिथे खडूची रेघ ओढली आणि दोन्ही बुचं जुळवून बाटल्या शेजारी ठेवल्या. दोन रेघांत जवळजवळ इंचाचं अंतर होतं.

त्यांनी त्या अंतरावर अंगठा ठेवून पाहिला.

"हात नव्हता गेला," ते म्हणाले. "मी त्या दुकानासमोर पाव तास उभा होतो, अनसूया. रस्ता नाही ओलांडला. शेंगा घेऊन आलो. पोरांना जन्मभर शिकवलं, गेज लावल्याशिवाय पास नाही, आणि स्वतः सरबतावर काम भागवलं."

"पायरी मीच चढू दिली नव्हती," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांनी निवलेला चहा पुन्हा गरम केला. या वेळी दोघांनी तो गरम असतानाच प्यायला.

रविवारी सकाळी पेटी उघडली. मला शिकंज्यात धरून रत्नाकरांनी बुडावर रंधा चालवला. एक हात, की लावून पाहायचं. पुन्हा एक हात, पुन्हा पाहायचं. खाली अनसूयाबाईंनी उशी धरली होती. पहिल्याच हातात माझ्या बुडावरचं 'पास' भुशाबरोबर निघून गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, ते माझं नव्हतंच. बूड थोडं थोडं अधिक तिरपं होत गेलं, मी पुढे झुकत गेलो. आठव्या की नवव्या वेळी रत्नाकरांनी हात काढले, आणि ती लांब हिरवी बाटली हवेत आडवी राहिली. अनसूयाबाईंनी उशी बाजूला घेतली. बाटली तरीही राहिली.

तेवढ्यात फाटक वाजलं. रामकृष्ण पेटी न्यायला ई-रिक्षा घेऊन आला होता. दारात येऊन त्याने टेबलावरची बाटली पाहिली आणि चप्पल काढायचं विसरला.

"भैया, ये... आपके घर में?"

"बैठो, चाय पियो," रत्नाकर म्हणाले. "पेटी नहीं जाएगी."

"क्यों? क्या हो गया?"

"काम निकल आया."

रामकृष्णने दोन कप चहा घेतला आणि रिकामी रिक्षा परत नेली. शेंगांची गोष्ट त्याला त्या दिवशी कळली. अजून तो भेटला की रत्नाकरांना शेंगा विचारतो.

तो गेल्यावर रत्नाकरांनी काचकागदाने माझ्यावरची लाल फुली घासून काढली, अळशीच्या तेलाचा बोळा फिरवला आणि मला उलटं केलं. पेन्सिल कानावर होती. ती त्यांनी काढली, आणि अनसूयाबाईंच्या हातात दिली.

"मला काय समजते त्यातलं?"

"गेज ज्याने आणलं, पास त्यानेच करायचं."

अनसूयाबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या बुडावर लिहिलं. अक्षर तिरकं आलं, 'पा'चा काना लांब गेला. ते अजून तसंच आहे.

मी राइट टाउनला गेलो नाही. सुखदाला त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून दुसरा टेकू मिळाला, आणि बँकेतल्या लोकांसाठी आणखी चार झाले. ते सगळे माझ्यावरून मापलेले. त्यांच्यावर दातांच्या खुणा नाहीत, त्याला इलाज नाही. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. माझ्या भोकात ती हिरवी बाटली असते, पाण्याने भरलेली. जी या घरात येणार नव्हती, तिच्यावर आता रोज सकाळी फडकं फिरतं.

मित्रांनो, तुमच्या घरात हत्यारांची पेटी असेल तर पावसाळ्यानंतर तिला तेल दाखवत जा, लाकडाला वाळवीपासून जपत जा. हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी आणखी एक सांगतो. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखाद्या दिवशी म्हणेल, "हात गेला माझा." तेव्हा लगेच मान डोलवू नका. समजूतही घालू नका. आधी त्याला विचारा, माप कशाचं घेतलं होतं. आणि बाटली चुकीची निघाली, तर बरोबर बाटली शोधायला स्वतः जा.